सदोष माल परत घ्यावाच लागतो

ईदच्या आधीचे आठ दिवस आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधीचे आठ दिवस, या दोन वेळी घरातल्या प्रत्येकाच्या पायाचे माप निघते. कपड्यांच्या खालोखाल खर्च होतो तो चपला-बुटांवर. दुकानात गर्दी, मुलांची घाई, त्यात उपवासाचा थकवा. हातात पडलेली पावती आपण न वाचता पिशवीत टाकतो. त्या पावतीच्या तळाशी बहुधा एक ओळ छापलेली असते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पुढे चप्पल तुटली, की आपल्याला ती ओळ आठवते आणि आपण गप्प बसतो. दुकानाची पायरी उतरलो की आपला हक्क संपला, असे आपण धरून चालतो.

कायदा तसे म्हणत नाही. माल सदोष निघाला तर तो परत घेणे आणि पैसे देणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे. ते त्याने टाळले, तर त्याला कायद्याने नाव दिले आहे : अनुचित व्यापारी प्रथा. आज त्याविषयी सविस्तर बोलू.

एक उदाहरण घेऊ

समजा, साताऱ्यात सासर असलेली आपली एक भगिनी रमजानमध्ये दोन दिवसांसाठी माहेरी मिरजेला गेली. येताना तिने सांगलीच्या बाजारातून दहा वर्षांच्या मुलीसाठी ८५० रुपयांचे सँडल घेतले. पैसे मोबाईलवरून यूपीआयने दिले, छापील बिल घेतले. ईदला मुलीने सँडल घातले, नंतर नातेवाइकांकडे जाताना दोन-तीनदा घातले. खरेदीच्या बाराव्या दिवशी उजव्या पायाचा तळ पुढून उघडला आणि आतला खिळा वर आला. मुलीच्या अंगठ्याला टोचलेही.

तिने दुकानात फोन केला. उत्तर आले, "ताई, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही. तळ निघाला तर कंपनीला विचारा. आणि पावतीवर लिहिलेलंच आहे की."

सातारा ते सांगली अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. कराड, पेठ नाका करत एसटीने जायचे, तर अख्खा दिवस जातो आणि जाण्यायेण्याच्या भाड्यातच सँडलच्या किमतीचा मोठा वाटा संपतो. घरातले म्हणतात, "जाऊ दे, मोच्याकडून शिवून घे." बहुतेक प्रकरणे इथेच संपतात. पण ज्या घरात महिन्याचे गणित शंभर-शंभर रुपयांवर चालते, तिथे ८५० रुपये 'जाऊ दे' म्हणण्यासारखे नसतात. म्हणून दुकानदाराची तिन्ही उत्तरे कायद्याच्या कसोटीवर तपासून पाहू.

'पावतीवर लिहिले आहे'

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याआधी १९८६ चा कायदा होता. त्या कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून २४ डिसेंबर हा आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो. या चळवळीचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, तेव्हा देशात ग्राहकासाठी असा स्वतंत्र कायदा नव्हता.

२०१९ च्या कायद्यात कलम २ च्या ४७ व्या उपकलमात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. जुन्या कायद्यात नसलेल्या ज्या गोष्टी त्यात घातल्या आहेत, त्यांपैकी दोन पाहू. एक, विकलेल्या मालाचे बिल किंवा पावती न देणे. दुसरी, सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे परत करण्यास नकार देणे. त्यासाठी मुदतही सांगितली आहे : पावतीवर जी मुदत लिहिली असेल ती, आणि मुदत लिहिलेलीच नसेल, तर ३० दिवस.

'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ म्हणजे मुदत नव्हे. दुकानदाराने ती छापली, फलकावर रंगवली किंवा तोंडी दहा वेळा सांगितली, तरी संसदेने केलेल्या कायद्यापेक्षा ती मोठी होत नाही. आपल्या उदाहरणात पावतीवर कोणतीही मुदत नाही आणि तळ बाराव्या दिवशी निघाला. म्हणजे भगिनी ३० दिवसांच्या आत आहे.

पावतीवर 'सात दिवसांत तक्रार करावी' असे लिहिले असेल आणि चप्पल विसाव्या दिवशी तुटली असेल, तर? तेव्हा दुकानदार मुदतीकडे बोट दाखवेल. पण मालात दोष असल्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क वेगळा आहे आणि तो तेवढ्याने बुडत नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. फरक इतकाच, की जितका उशीर कराल, तितके 'हा दोष मुळातला आहे, वापराने झालेला नाही' हे पटवणे अवघड होते.

'वापरलेला माल आहे'

चप्पल पायात घालून चालल्याशिवाय तिचा तळ कच्चा आहे की पक्का, हे कळणार कसे? कायद्यात 'न वापरलेला सदोष माल' असा शब्द नाही. आवडला नाही म्हणून माल बदलून मागताना, तो कोरा असावा ही दुकानदाराची अट रास्त आहे. दोष निघाला असताना ती अट लावता येत नाही.

मात्र दोष दिसल्यानंतर ती वस्तू वापरत राहू नका. ज्या दिवशी तळ उघडला, त्याच दिवशी चप्पल काढून ठेवा. मोच्याकडे नेऊन शिवून घेतली, चिकटवून घेतली आणि मग तक्रार केली, तर मूळ दोष कोणता आणि दुरुस्तीने झालेले नुकसान कोणते, हा वाद उभा राहतो.

'कंपनीला विचारा'

पैसे दुकानदाराने घेतले, बिल दुकानदाराने दिले, म्हणून पहिला जबाब त्याचाच. त्याने माल परत घ्यावा आणि त्याचे जे काही आहे ते कंपनीशी किंवा घाऊक व्यापाऱ्याशी मिटवावे. आयोगात तक्रार करताना दुकानदार आणि उत्पादक अशा दोघांनाही जाबदार करता येते. मग दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले, तरी ग्राहक मधल्या मध्ये लटकत नाही.

बुटाचा खोका जपून ठेवायला सांगतात, त्याचे कारण हेच. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहकांच्या तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. खोका रद्दीत गेला, की कंपनीचा पत्ताही गेला.

दुकानदार आणखी दोन गोष्टी म्हणू शकतो. पहिली, 'पैसे नाही, क्रेडिट नोट घ्या, दुसरे काही घेऊन जा.' तुम्हाला दुसरा जोड चालत असेल तर जरूर घ्या. पण कायद्यात सदोष मालाचे पैसे परत करणे असा स्पष्ट शब्द आहे, त्यामुळे क्रेडिट नोट घेण्याची सक्ती नाही. दुसरी, 'हा सेलमधला माल होता.' किंमत कमी केली म्हणून तळ निघालेला चालतो, असे होत नाही. अपवाद एकच : जोडावर डाग आहे, टाका चुकलेला आहे, असे दाखवून, सांगून, म्हणूनच स्वस्त दिला असेल, तर त्याच डागाची तक्रार नंतर करता येणार नाही.

दोष कशाला म्हणायचे?

कायद्याप्रमाणे वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता किंवा मानक यांत असलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. हा दर्जा कायद्याने ठरलेला असेल, करारातून आलेला असेल किंवा विक्रेत्याने स्वतः दावा केलेला असेल. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. 'अस्सल चामडे आहे' असे सांगून रेक्झिन दिले, तर चप्पल तुटली नसली तरी तो दोष आहे.

थोड्या दिवसांत तळ सुटणे, अंगठा किंवा पट्टा तुटणे, शिवण उसवणे, खिळा वर येणे, दोन पायांचे माप वेगळे निघणे, रंग उतरून मोजे आणि पाय रंगणे, हे सारे दोष. माप घट्ट झाले, मुलाला रंग आवडला नाही, दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळाले, हे दोष नव्हेत. अशा वेळी दुकानदाराने बदलून दिले, तर तो त्याचा चांगुलपणा आणि त्याच्या दुकानाचे धोरण. तसेच चामड्याची चप्पल जावळीच्या पावसात महिनाभर भिजवली किंवा कृष्णेच्या पुराच्या पाण्यात बुडाली आणि मग फुगली, तर त्याला दुकानदार जबाबदार नाही.

आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आपण वाचली. त्या मानांकनात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत : कोल्हापूर, सोलापूर आणि आपले सांगली व सातारा. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही त्यात आहेत. म्हणजे हाताने बनवलेली, वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेल्या चामड्याची ही चप्पल आपल्याच मातीतली आहे. पण 'कोल्हापुरी' म्हणून रेक्झिनच्या, यंत्रावर बनवलेल्या चपलाही सर्रास विकल्या जातात. त्या विकायला हरकत नाही. त्यांना अस्सल म्हणणे ही फसवणूक आहे. उपाय सोपा आहे. दुकानदार 'अस्सल चामडे' म्हणाला, की त्याला म्हणा, "भाऊ, बिलावर तेवढे दोन शब्द लिहा." खात्रीचा माल असेल तर तो लिहून देईल. लिहायला कचरला, तर आपल्याला काय ते कळले.

सांगलीचे दुकान, साताऱ्याचे घर

आता आपल्या उदाहरणातल्या भगिनीने काय करावे? तिने सांगलीला धावण्याची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला एक मोठी सोय दिली : तो जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. दुकान सांगलीत असले, तरी तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात चालेल. खटल्यासाठी सव्वाशे किलोमीटर यायचे ते दुकानदाराने. पण तिथपर्यंत जाण्याआधी पुढचे टप्पे क्रमाने करावेत.

पहिला टप्पा, पुरावा. सँडलचे उजेडात फोटो काढा : पूर्ण जोड, उघडलेला तळ, वर आलेला खिळा, मापाचा आणि कंपनीचा शिक्का. एक लहान व्हिडिओ घ्या. छापील बिलाची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून बिलाचाही फोटो आजच काढा. पायाला जखम झाली असेल आणि डॉक्टरांकडे गेला असाल, तर त्यांचा कागद ठेवा. घरात मधुमेहाचे रुग्ण असतील, तर त्यांच्या बाबतीत चपलेतला खिळा ही किरकोळ गोष्ट नसते. छोटी जखमही महागात पडते. अशा इजेची भरपाईही मागता येते.

दुसरा टप्पा, दुकानदाराशी बोलणे. फोनवर वाद घालण्याऐवजी फोटो आणि चार ओळी त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. शब्द सभ्य ठेवा. शिव्या, धमक्या आणि बदनामी यांनी काम होत नाही. उलट तेच संदेश पुढे आपल्या विरुद्ध दाखवले जातात. पुष्कळ दुकानदार याच टप्प्यावर ऐकतात.

तिसरा टप्पा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. १९१५ हा क्रमांक लावा. मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. ही हेल्पलाईन निकाल देत नाही. तुमची तक्रार नोंदवून समोरच्या पक्षाकडे पोहोचवते आणि तडजोडीचा प्रयत्न करते. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

चौथा टप्पा, लेखी नोटीस. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर स्वतः लिहा, सही करा, झेरॉक्स ठेवा आणि पोहोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर साधारण असा असावा :

'आपल्या दुकानातून मी दि. ... रोजी बिल क्र. ... प्रमाणे ... रुपयांस लहान मुलीचे सँडल खरेदी केले. दि. ... रोजी त्यातील उजव्या पायाचा तळ सुटला व खिळा वर येऊन माझ्या मुलीच्या पायाला इजा झाली. सोबत बिलाची प्रत व फोटो जोडले आहेत. याबाबत दि. ... रोजी फोनवर व व्हॉट्सअ‍ॅपवर कळवूनही आपण माल परत घेण्यास नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सँडल परत घेऊन संपूर्ण रक्कम परत करावी. तसे न केल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपणावर राहील.'

एवढे पुरे. हे पत्र कापून किंवा फोटो काढून ठेवा आणि वेळ आली, की तारखा व रकमा भरा.

आयोगात गेल्यावर

पाचवा टप्पा जिल्हा आयोगाचा. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला कसलीही फी नाही. तक्रार मराठीत लिहिता येते. वकील लावणे सक्तीचे नाही. आपली बाजू आपण मांडू शकतो. तक्रारीसोबत बिल, फोटो, नोटीस, पोस्टाची पावती आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. घरबसल्या तक्रार करायची असेल, तर १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे संकेतस्थळ सुरू झाले आहे. दूरदृश्य पद्धतीने सुनावणी व्हावी, अशी विनंतीही करता येते. लहान मुले सोडून बाहेर पडणे ज्यांना जमत नाही, अशा भगिनींना ही मोठी सोय आहे.

सँडल मुलीचे, पैसे आईच्या खात्यातले, बिलावर नाव कोणाचेच नाही. मग तक्रार कोण करणार? चिंता नको. विकत घेणारा तर ग्राहक आहेच; त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच आहे. आई निःसंकोच तक्रार करू शकते.

नोटीस मिळाल्यावर जाबदाराला म्हणणे देण्यासाठी ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात तपासणी नसेल तर तीन महिने आणि तपासणी असेल तर पाच महिने, असे निकालाचे उद्दिष्ट दिले आहे. प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागतो, हे मनाशी धरून चालावे. मधल्या काळात दोन्ही बाजू राजी असतील, तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे देतो आणि छोटी प्रकरणे तिथे लवकर सुटतात. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, तर दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, व्याजासह पैसे परत करणे, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च, असे आदेश होऊ शकतात. आदेश पाळला नाही, तर एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

'साडेआठशे रुपयांसाठी एवढे कोण करणार?' असे कोणी म्हणेल. त्यांनी चंदीगडचे प्रकरण ऐकावे. तिथल्या एका ग्राहकाने बाटाच्या दुकानातून बूट घेतले. बिल झाले ४०२ रुपयांचे. त्यात ३ रुपये कागदी पिशवीचे होते आणि त्या पिशवीवर कंपनीचीच जाहिरात छापलेली होती. तो ग्राहक तीन रुपयांसाठी जिल्हा ग्राहक मंचात गेला. एप्रिल २०१९ मध्ये मंचाने निकाल दिला : तीन रुपये परत करा, त्रासाबद्दल ३ हजार आणि खर्चाबद्दल १ हजार रुपये द्या, शिवाय ५ हजार रुपये ग्राहकांच्या कायदेशीर मदत निधीत भरा. बातमी देशभर गेली आणि पिशवीचे पैसे मोजताना लोक प्रश्न विचारू लागले. प्रत्येक तक्रारीला असे फळ येईल असे नाही. पण रक्कम लहान आहे म्हणून आयोग दाराबाहेर काढत नाही, एवढे या निकालातून कळते.

पावती मागायला संकोच नको

या सगळ्याचा पाया पावती आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेच्या विक्रीचे बिल द्यावेच लागते; त्याहून कमी रकमेचेही, आपण मागितले तर द्यावे लागते. 'बिल नको असेल तर पन्नास रुपये कमी करतो,' हा सौदा आपण फार सहज स्वीकारतो. त्या पन्नास रुपयांत आपण परत करण्याचा, भरपाईचा, तक्रारीचा सगळा हक्क विकून टाकतो. आणि खोक्यावरच्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. तिच्यावर आणखी जीएसटी लावून पैसे घेतले, तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

बिल हरवले किंवा मिळालेच नाही, तर? आशा संपली असे नाही. यूपीआयची नोंद, बँकेचा संदेश, दुकानाच्या नावाची पिशवी, खोक्यावरचे लेबल आणि सोबत असलेल्या माणसाची साक्ष, यांवरून खरेदी सिद्ध करता येते. फक्त काम अवघड होते.

चपला ऑनलाईन मागवल्या असतील, तरी हक्क तेच आहेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या कंपनीने तक्रार अधिकारी नेमलेला असावा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात ती सोडवावी. पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढण्याची सवय लावून घ्या.

दोन शब्द दुकानदार बंधूंसाठी

आपल्या वाचकांत चपलांचे, कपड्यांचे, भांड्यांचे दुकान चालवणारी अनेक घरे आहेत. त्यांना हा कायदा आपल्या विरुद्ध वाटू नये. मदीनेच्या बाजारातला तो प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले गेले. आपल्या फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' या नावाने हाच हक्क शेकडो वर्षांपासून सांगितलेला आहे : विक्रीआधीपासूनचा लपलेला दोष नंतर उघड झाला, तर माल परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे.

तोच न्याय ग्राहकालाही लागू आहे. ईदची नमाज झाली, दोन लग्ने झाली आणि मग 'आवडली नाही' म्हणून मळलेली चप्पल परत नेणे, मुलाने दगडावर घासून फाडलेल्या बुटाला कच्चा माल म्हणणे, ही दुकानदाराची फसवणूक आहे. लहान दुकानदाराचे नुकसान करून मिळवलेले पैसेही बरकत देत नाहीत.

दुकानदार बंधूंनी इतके करावे : पावतीवरची ती जुनी ओळ काढून टाकावी. तिच्या जागी 'दोष आढळल्यास ३० दिवसांत पावतीसह यावे' असे छापावे. परत आलेला सदोष जोड घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवण्याची बोली माल उचलतानाच करून घ्यावी. असे छापणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि शेजाऱ्यालाही घेऊन येते.

खरेदीच्या वेळी लक्षात ठेवा

दोन्ही पायांत घालून दहा पावले चालून पाहा. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, तेव्हा घेतलेले माप सहसा चुकत नाही. तळ हाताने वाकवा, आतून बोट फिरवून खिळा किंवा टाचणी लागते का पाहा. आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. बिलावर तारीख, मालाचे वर्णन आणि किंमत नीट लिहून घ्या. खोका आणि बिल निदान दोन-तीन महिने जपा. घरात एक पिशवी फक्त पावत्यांसाठी ठेवा आणि ती कुठे आहे, हे अम्मीपासून मुलांपर्यंत सर्वांना ठाऊक असू द्या.

मुलीच्या पायाला टोचलेला खिळा काढणे आपल्या हातात आहे. तो तिथे आलाच कसा, हे दुकानदाराला विचारणेही आपल्याच हातात आहे, आणि त्यासाठी कायद्याने ३० दिवस दिले आहेत. ते दिवस 'बघू नंतर' म्हणण्यात घालवू नका.